साइटवरच्या वह्या : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या कंत्राटदारणीची उत्तरं

मार्च आला की साइटच्या फाटकावर सुरक्षा सप्ताहाचे फलक लागतात. ४ तारखेला शपथ होते, कामगारांना वडापाव मिळतो, साहेबांचे फोटो निघतात आणि मग माझ्याकडे पत्रं यायला लागतात. यंदाच्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्या दोघांचं दुखणं एकच आहे, ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडजवळचा. दहावीनंतर मामाच्या हाताखाली गवंडीकाम शिकलो, आज माझ्याकडे पस्तीस माणसं आहेत. आजवर बंगले, शाळेच्या खोल्या, दोन सोसायट्या केल्या. आता पुण्यात वाकडला एका मोठ्या कामावर आरसीसीचं पोटकंत्राट मिळतंय. मुख्य कंत्राटदार म्हणतो, आधी सेफ्टी फाइल दाखवा, कामाचा प्रोग्रॅम द्या, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं जोडा. मुलगा म्हणतो, पीएमपी करा, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरची परीक्षा द्या. एक एजंट बारा हजारांत शिक्क्यांसकट सगळी फाइल करून देतो म्हणतो. माझं वय ४७. काय करू?

दादा, एजंटाला आधी फाटकाबाहेर काढा. असल्या फायली मी बऱ्याच चाळल्या आहेत. एका दोन मजली शाळेच्या फायलीत टॉवर क्रेनच्या तपासणीचे सहा तक्ते होते. क्रेन राहू द्या, त्या साइटवर घमेली वर चढवायला बायकांची रांग लागायची. वाकडचा सेफ्टी ऑफिसर अशी फाइल हातात घेतल्याघेतल्या ओळखतो. तो गप्प बसेल, कारण त्यालाही कागद हवाच आहे. पण ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी तीच फाइल तुमच्या विरोधात उघडली जाईल, आणि सही तुमची असेल.

पीएमपीचं म्हणाल तर ती परीक्षा वाईट नाही, पण ती तुमच्यासाठी नाही. पदवी नसेल तर प्रकल्प चालवल्याचा ६० महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, वर ३५ तासांचं शिक्षण. अनुभव तुमच्याकडे ढीगभर आहे. मात्र ती परीक्षा मराठीत होत नाही, आणि तिच्यातले प्रश्न ऑफिसात बसून प्रकल्प हाकणाऱ्याला विचारायचे आहेत. मुलगा शिकलेला असेल तर त्यानेच ती द्यावी, किंवा बालेवाडीच्या नायकमारमध्ये चौकशी करावी. १९८३ पासून ती संस्था बांधकामाचं व्यवस्थापनच शिकवते. घरात एकाला ती भाषा आली तरी पुरे.

तुम्ही शिकायचं ते वेगळं. प्रोग्रॅम तुम्ही रोज करताच, पण डोक्यात. तो कागदावर आला की तुमच्या डोक्यातल्या चुका तुम्हालाच दिसतात. एक मजला घ्या. कॉलम भरायला दोन दिवस, सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारायला सहा, लोखंड बांधायला तीन, इलेक्ट्रिकच्या पाइपांना एक, तपासणीला एक आणि स्लॅब भरायला एक. झाले चौदा दिवस. चौकटीच्या वहीत एका दिवसाला एक चौकोन धरून हे आडव्या पट्ट्यांनी रंगवा. बारचार्ट म्हणजे एवढंच.

आता त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने टेकू काढायचे दिवस मांडा. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ म्हणतं, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या गाळ्यात १४. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. स्लॅबखालच्या साच्याच्या प्लेटा ३ दिवसांनी सोडवता येतात, पण प्लेट निघाली की टेकू लगेच परत लावायचा या अटीवर. हे मांडलं की दिसेल, वरच्या मजल्याचं सेंट्रिंग चालू होतं तेव्हा खालच्या स्लॅबला जेमतेम दोन दिवस झालेले असतात. म्हणजे त्या दिवशी प्लेटाही मोकळ्या नाहीत. आणि खालच्या बीमचे टेकू मोकळे होतात तो दिवस आणि वरचा स्लॅब भरायचा दिवस एकच. वर ओलं काँक्रीट पडत असताना खालून टेकू काढायला मी तरी कुणाला सांगणार नाही. मग टेकूंचे निदान दोन पुरे संच लागतील. तुमच्याकडे एकच असेल तर भाड्याचा खर्च दरात धरलाय का, हे करारावर सही करण्याआधी कळायला हवं. हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, ते सुरुवातीला हळू घट्ट होतं. म्हणून कन्सल्टंटकडून टेकूंचे दिवस लिहून घ्या. तोंडी नको.

तिसऱ्या महिन्यात फोन येतो : “बुकिंगवाल्यांना दाखवायचंय, दहा दिवसांत एक स्लॅब द्या.” त्या फोनला मान डोलावायची नसेल तर हा रंगवलेला कागद हातात हवा. मुख्य कंत्राटदारही तुमच्याकडे तोच मागतोय, फक्त त्याचं नाव प्रोग्रॅम.

त्याच्याशी जोडलेल्या वह्या दोन. एक काँक्रीटची : तारीख, जागा, ग्रेड, किती घनमीटर, तपासणीचे किती क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) घेतले, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल आणि शेवटच्या रकान्यात टेकू कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून काढले. दुसरी अडथळ्यांची. सरकारी कामावर तिला हिंडरन्स रजिस्टर म्हणतात. ड्रॉइंग आलं नाही, पंप बंद पडला, दुपारी पाऊस आला, आदल्या ठेकेदाराने जागा मोकळी केली नाही, जे काही असेल ते त्याच दिवशी लिहायचं आणि संध्याकाळी त्यांच्या इंजिनिअरची सही घ्यायची. दोन महिन्यांनी उशिराचा दंड बिलातून कापला जातो तेव्हा “साहेब, तुम्हीच थांबवलं होतं” या वाक्याला काही किंमत नसते. माझे स्वतःचे सव्वादोन लाख याच वाक्यावर गेले आहेत. जिल्ह्याचं नाव सांगत नाही.

सर्टिफिकेटांचं सोपं आहे. मुकादम आणि परांची बांधणारे दोघे एवढ्यांनाच निवडा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सकडून मिळतं, ते दोघांना करू द्या. सुरक्षेच्या अभ्यासक्रमांसाठी सीबीडी बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे, तिथे मुलाला चौकशी करायला सांगा. बाकी बत्तीस जणांचं प्रशिक्षण वाकडच्या सेफ्टी ऑफिसरनेच साइटवर घ्यावं, अशी अट तुम्हीच घाला. तेही करारात लिहून. त्याला आवडेल बघा, सहसा कुणी मागत नाही.

प्रश्न : ताई, मी चिपळूणची. यजमान बांधकाम ठेकेदार, मी घरून हिशेब, हजेरी, बँक बघते. यंदा मीच सेफ्टीच्या वह्या सुरू केल्या. पण यजमान म्हणतात, किरकोळ लागलेलं, खरचटलेलं लिहायचं नाही, “लिहिलं की अडकलो.” मुकादमही तेच म्हणतो. शिवाय आता नवा कायदा आलाय, मग या वह्यांचा उपयोग आहे का? आणि मोबाइलमधले फोटो चालतात का?

वहिनी, यजमानांचं भय खोटं नाही, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

लग्नाआधी मी ठाण्याकडे एका कंपनीत साइट इंजिनिअर होते. टूलबॉक्स टॉकचं रजिस्टर माझ्याकडे. रोज सकाळी पाच मिनिटं कामगारांना धोक्यांबद्दल सांगायचं आणि सह्या-अंगठे घ्यायचे, असा नियम. सांगायचो आम्ही आठवड्यातून एकदा, तेही चहा पिता पिता. महिनाअखेरीला मी आणि टाइमकीपर बसायचो आणि तीस पानं एका बैठकीत भरायचो. एकच निळं पेन. अंगठे लावायला जो समोर असेल तो.

ऑक्टोबरात एक बिगारी लिफ्टच्या डक्टमध्ये पडला. दुसऱ्या मजल्यावरून. वाचला, पण कमरेचं हाड गेलं. चौकशीला आलेले गृहस्थ वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी रजिस्टर मागितलं, मागची पानं उलटली आणि अनंत चतुर्दशीच्या पानावर बोट ठेवलं. त्या दिवशी साइट बंद. आमच्या पानावर मात्र “उंचीवरील काम” या विषयावर टॉक झालेला, बावीस सह्या. त्यांतली एक त्या बिगाऱ्याची. तो आमच्याकडे आला होता त्यानंतर नऊ दिवसांनी. त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं आणि त्यानंतर आमच्या एकाही कागदाला हात लावला नाही.

मग त्यांनी मुकादमाची खिशातली डायरी मागितली. कुणाला किती उचल दिली ते लिहायची, विड्यांचा वास मारणारी डायरी. तिच्यात उचलींच्या आकड्यांमध्येच एक ओळ होती : “डक्टची फळी हलती. बाईंना सांगितले.” खाली तारीख, अपघाताच्या अकरा दिवस आधीची.

बाई म्हणजे मी.

त्यांनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. फळीचं मुकादमाने मला खरंच सांगितलं होतं, आणि सुताराला निरोप द्यायचा माझ्याकडून राहून गेला होता. त्या बिगाऱ्याला पुढे भरपाई मिळाली. त्या कामी आमची तीस पानं आली नाहीत, ती एक ओळ आली. तेव्हा “लिहिलं की अडकलो” हे यजमानांना म्हणू द्या, मी ते मान्यही करीन. मी अडकलेच. पण ती ओळ माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, खाली “सुतार सांगितला, फळी बदलली” असं लिहून असती, तर फळी बदललेली असती.

म्हणून किरकोळ लागलेलं लिहा आणि थोडक्यात चुकलेलंही लिहा. नमुना देते, तुमच्या कामाप्रमाणे फिरवा :

“मंगळवार, सकाळी १०.४०. पूर्वेकडचा जिना, पहिला टप्पा. वरून फावडं निसटलं, खाली कुणी नव्हतं. कारण : कडेला टो-बोर्ड नाही. काय केलं : दुपारी १ पर्यंत फळी ठोकली. कुणी ठोकली : सुतार. कुणी पाहिलं : मी.”

एवढं पुरे. “सावधगिरी बाळगावी अशी सूचना दिली” हे वाक्य वहीत येऊच देऊ नका. त्यातून कुणी काही केल्याचं कळत नाही. महिन्याच्या शेवटी यजमानांना घेऊन बसा आणि नुसतं बघा, एकच जागा किती वेळा आली. एका साइटवर आमच्या वहीत सात आठवड्यांत चार वेळा “बार कटिंगचं टेबल” आलं होतं. कुणालाच मोठं लागलं नव्हतं. टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं, ते दहा फूट सरकवलं. पाचवी नोंद आली नाही.

माझा भाचा ह्यूस्टनला बांधकामातच आहे. तो सांगतो, तिथे दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला वर्षभरातल्या दुखापतींची नोंद ठेवून तिची बेरीज १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल कामाच्या जागी, सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावावी लागते. मी हे आमच्या तालुक्याच्या बैठकीत सांगितलं तर एक जण म्हणाला, “मग तिथे कुणी कामालाच यायचं नाही.” लोक जातात. चिपळूणचेही जातात.

मोठ्या दुखापतीचं वेगळं आहे, तिथे मर्जीचा प्रश्न येत नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच होतं, की मृत्यू झाला किंवा दुखापतीने कामगाराला ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करता आलं नाही, तर सरकारी यंत्रणेला कळवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा, आणखी बारा कायद्यांबरोबर, व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत गेला. अपघात कळवायची जबाबदारी काही गेली नाही. फरक आहेत. पूर्वी पाचशे कामगारांवर सेफ्टी ऑफिसर लागायचा, आता बांधकामावर अडीचशेंवर लागतो. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. नोंदी संगणकावर ठेवल्या तरी चालतात. नमुने कोणते ते तुमच्या कामगार कार्यालयात जाऊन बघून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, त्या जुन्या काळाच्या पुराव्याला लागतात.

हजेरीपट तुमच्याकडे आहे म्हणून एक जास्तीचं सांगते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागत आलं आहे, आणि ते ठेकेदाराने द्यायचं असतं. हजेरी खरी असेल तर ते तुम्ही पाच मिनिटांत देऊ शकता. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बाळंतपणापर्यंतची मदत त्यावर अडलेली असते. सेस म्हणून बांधकाम खर्चाचा एक टक्का भरला जातो तो यासाठीच. भरतात सगळे, आणि नाक्यावरच्या बाईला पत्ताच नसतो.

आणि विमा. कामगार भरपाईची पॉलिसी तुम्ही जाहीर केलेल्या मजुरीवर निघते. हप्ता वाचवायला बारा माणसं दाखवली आणि साइटवर तीस असली, तर तेराव्याला लागलं त्या दिवशी यजमानांना कळेल काय वाचलं ते.

फोटो जरूर काढा. पण नुसता फोटो म्हणजे लग्नातला अनोळखी पाहुणा, दहा वर्षांनी कुणालाच ओळखता येत नाही. वहीत नोंदीला क्रमांक द्या, तोच क्रमांक खडूने फळीवर लिहा आणि मग फोटो घ्या. दुरुस्तीआधीचा एक, नंतरचा एक. तुमच्याकडे पाऊस असा की वही भिजते, म्हणून दर शनिवारी पानांचेही फोटो. वहीची पानं आधी क्रमांक घालून ठेवा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, पांढरी शाई अजिबात नाही. कामगार विजापूरकडचे किंवा झारखंडचे असतील तर अंगठा घेण्याआधी त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि वाचून कुणी दाखवलं त्याचंही नाव घाला. मुकादम कुरकुरेल. त्याला लिहायला लावू नका, त्याने सांगायचं आणि तुम्ही फोनवर ऐकून लिहायचं. संध्याकाळी साडेसहाचा एक फोन. मी हे माझ्या मुकादमाबरोबर एकोणीस वर्षं केलं. शेवटी शेवटी तो आधी सुनेची तक्रार सांगायचा, मग साइटची.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरची, वय २५. सिव्हिलचा डिप्लोमा, साइटवर चार वर्षं झाली. सेफ्टी ऑफिसर व्हायचंय. क्लासवाले ओशा तीस तास, नेबॉश, एडीआयएस अशी नावं सांगतात. पैसे एकाचेच आहेत.

मग एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका. आपल्याकडे नेमणुकीच्या अटींत पदवीवाल्याला दोन आणि डिप्लोमावाल्याला पाच वर्षांचा अनुभव, आणि सोबत औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका विचारली जाते. बांधकामासाठी त्यात बांधकाम-सुरक्षेचा पेपरही हवा. तो विषय अभ्यासक्रमात आहे ना, हे फी भरण्याआधी विचार. तुझी चार वर्षं झाली, नोकरी सांभाळून पदविका केलीस तर ती होईस्तोवर पाच होतील, हिशेब बरोबर जुळतो. मुंबईत शीवला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थाही आहेत. क्लासवाला “मान्यताप्राप्त” म्हणाला तर कुणाची, ते कागदावर माग.

नेबॉश ब्रिटनचं. आखातात जायचं असेल तर कामाचं, पुढे बघ. ओशाचं तीस तासांचं कार्ड अमेरिकेतल्या नियमांची ओळख करून देतं. ते पात्रतेचं प्रमाणपत्र नाही, हे ते लोक स्वतःच सांगतात. क्लासवाला सांगत नाही.

तोवर आहेस त्याच साइटवर एक काम कर. पायाचे खड्डे चालू असतील तर रोज सकाळी माणसं उतरण्याआधी टेपने खोली मोजून लिही. दीड मीटरच्या खाली गेलेला चर, पक्का खडक सोडला तर, आधाराशिवाय ठेवायचा नाही, आणि काढलेली माती काठाला लागून टाकायची नाही. “काळी माती आहे, उभी राहते” असं सोलापुरात प्रत्येक जण सांगेल. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या वळवाला भेगेवरच सुटते. दोन महिन्यांची ती वही मुलाखतीला बरोबर ने. मी दोनदा मुलाखत घेणाऱ्यांत होते. क्लासची फाइल प्रत्येकाकडे होती, स्वतःच्या अक्षरातली वही एकाच मुलाकडे. त्याला घेतलं.

अटींत आणखी एक कलम आहे, ते सगळे विसरतात : बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती नीट आली पाहिजे. पत्रात तू सहज लिहिलंयस की आजोळ इंडीचं, घरात निम्मं कानडीच चालतं. तुमच्याकडच्या साइटवर अर्धे गवंडी तिकडचेच असणार. अर्जात भाषांच्या रकान्यात कन्नड लिही.